एका सायकलीची जागा

"जरा रुंद हो की गं कुंदे. तुझ्यामागं बसायचं म्हणजे विजेच्या खांबामागं लपल्यासारखं. इकडनं वारा, तिकडनं वारा."

अगदी कानाशी. पद्मजा मगदूमची ही कुरकुर मी तीन वर्षं रोज सकाळी ऐकत आले होते, त्यामुळं सवयीनं म्हणून गेले, "मग तुझ्या आईला सांग, मला लाडू जास्त द्यायला." आणि तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर लक्षात आलं की पद्मजाला जाऊन महिना उलटून गेलाय.

पुढून जरीनानं विचारलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही. खड्डा."

"कुठाय खड्डा?"

"गेला."

जरीनानं पॅडल दाबलं. तिच्या मानेवरचे केस घामानं चिकटले होते, थंडी असूनही. मी मागं वळून पाहिलं नाही. एकामागं एक पळणाऱ्या शर्यतीच्या सायकलींवर मागं बघायचं नसतं, हँडल वाकडं होतं आणि मागची अंगावर येते. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की मागं बघितलं असतं तर काय दिसणार, ते मला माहीत होतं. एका सायकलीएवढी मोकळी जागा, आणि त्या जागेच्या पलीकडं, एकटी, मान खाली घालून वारा खाणारी अनू.

हे सगळं नीट सांगायला हवं, कारण सायकलीची शर्यत म्हणजे ज्याच्या मांड्यांत जोर तो पुढं, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं. संघाची शर्यत तशी नसते. चौघी एका ओळीत, एकीच्या चाकाला दुसरीचं चाक जवळजवळ टेकलेलं. पुढची वारा खाते, मागच्या तिच्या आडोशाला दम धरतात. रस्त्याकडचे विजेचे दहा खांब झाले की पुढची बाजूला होते, ओळ तिच्या अंगावरून पुढं निघून जाते आणि ती शेपटाला येऊन चिकटते. मग दुसरीचा नंबर. आम्ही 'नंबर'च म्हणायचो, कारण 'पाळी' म्हटलं की आमचे जमदाडे सर एकदम रस्त्याकडं बघायला लागायचे.

आमचा क्रम ठरलेला होता. जरीना मुल्ला आमची कॅप्टन, ती पहिली. मग मी, कुंदा साळुंखे. माझ्यामागं पद्मजा. आणि शेवटी अनू खोत, आमच्यात सगळ्यात लहान, पद्मजाच्या रुंद पाठीमागं ऊब घेत बसलेलं कोकरू.

कॉलेज कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं. तिथं ऊस आणि राजकारण सोडून काही पिकत नाही असं बाहेरचे म्हणतात. पण आमच्याकडं सायकल मंडळ होतं. जमदाडे सरांनी काढलेलं, आणि त्यांचा एक नियम होता. ज्याला सायकल पळवायची आहे, त्यानं आधी एक उभी करून द्यायची. म्हणजे असं, की गावातल्या माळ्यावरच्या, गोठ्यातल्या गंजक्या सायकली आम्ही मागून आणायच्या, रविवारी कॉलेजच्या सायकल-स्टँडमागच्या शेडमध्ये बसून दुरुस्त करायच्या, रंगवायच्या आणि लांबून चालत शाळेला येणाऱ्या एखाद्या मुलीला नेऊन द्यायच्या. ती मुलगी सायकलीवर बसून शाळेला पोचली, की मग तुम्हाला कॉलेजच्या रेसिंग सायकलीला हात लावायला मिळणार. मला पहिली सायकल उभी करायला अख्खी सहामाही लागली होती. बाबांना वाटलं, मी नापास झालेय आणि सांगत नाहीये.

अनूला पद्मजानं दिलेली सायकल पोपटी रंगाची होती. अनू अकरावीत होती तेव्हा. तिच्या वाडीवरून कॉलेज इतकं लांब की पावसाळ्यात ती पोचायची तेव्हा दुसरा तास सुरू असायचा. त्या पोपटी सायकलीवरून ती महिन्याभरात ऊस भरलेल्या बैलगाड्यांना, मग ट्रॅक्टरांना, मग एकदा जमदाडे सरांच्या लुनाला मागं टाकून गेली. सर दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन विचारत होते, ती पोपटी सायकल कुणाची म्हणून.

आणि तिसरं काम होतं कुंकवाचं. हे नाव पद्मजाचं. कारखाने सुरू झाले की आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं पळतात, आणि बिघडल्या की जिथं बिघडल्या तिथंच उभ्या राहतात. मागं दिवा नाही, काही नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर उभ्या राहून प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळकुटावर चमकणारा तांबडा कागद चिकटवायचो. ड्रायव्हर लोक आधी चिडायचे. मग पद्मजा पुढं व्हायची. "मामा, थांबा जरा. तुमच्या ट्रॉलीला कुंकू लावायला आलोय. सवाष्ण आहे का नाही ती?" मामा हसून गाडी बंद करायचे.

डिसेंबरात नदीवरून धुकं चढतं. अशा एका सकाळी पद्मजा एक नवी रंगवलेली सायकल एका मुलीला पोचवायला एकटीच निघाली होती. पुलाच्या पलीकडं रस्त्याच्या कडेला चाक निखळलेली ट्रॉली उभी होती. मागं कुंकू नव्हतं.

त्याच्यानंतर कॉलेजात सगळ्यांना भाषा शिकावी लागली. प्राचार्य 'ती दुर्दैवी घटना' म्हणायचे. सर 'त्या दिवशी' म्हणायचे. जरीना नुसतं 'तेव्हापासून'. मी तर काहीच म्हणत नव्हते. सर रोज सकाळी कॉलेजच्या गेटवर आमची नावं घ्यायचे, "मुल्ला. साळुंखे." मग थांबायचे. एक नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढंच. मग, "खोत." अनू 'हजर' म्हणायची ते इतकं हळू, की जणू दुसऱ्या कुणाचं नाव चोरतेय.

आणि ओळीतही तसंच झालं. कुणी ठरवलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा जरीना पुढं, तिच्यामागं मी, आणि अनू तिच्या नेहमीच्या जागी, शेवटी. तिच्यापुढं पद्मजा असायची तिथं कुणी नव्हतं. अनूनं पुढं सरकायला हवं होतं. ती सरकली नाही. आम्ही 'सरक' म्हणालो नाही. माझा नंबर संपून मी बाजूला झाले, की पद्मजाचा नंबर यायचा. तो कुणीतरी ओढायला हवाच. अनू तोही ओढायची, दहा खांब, आणि मग स्वतःचे दहा खांब. दुसरी एखादी बोलली असती. अनूला वाटायचं की पोपटी सायकल देणारीचं एवढं तरी करायला हवं. आणि आम्हाला? आम्हाला काय वाटायचं ते आम्ही कधी एकमेकींना विचारलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. वाईट माणूस नव्हते. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "हे बघा मुलींनो, पालक रोज येतायत माझ्याकडं. संस्थेचे लोक विचारतायत. त्या दुर्दैवी घटनेनंतर मुलींना रस्त्यावर कशाला पाठवता म्हणून. विभागीय स्पर्धेत तुमचं नाव आधीच गेलंय, तेवढी पळा. पदक आणलंत तर मला बोलायला तोंड राहील. नाहीतर मुलींचा संघ बंद. आणि जमदाडे, ते रविवारचं भंगार आणि गेटवरचं चिकटवणंही बंद."

"सर, चिकटवणं बंद करून कसं चालेल?" जमदाडे सर म्हणाले. "आत्ताच तर..."

"आत्ताच तर काय?" प्राचार्यांनी विचारलं.

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

बाहेर आल्यावर जरीना म्हणाली, "नियम माहीत आहे ना? चौघींतल्या तिसरीचं चाक रेषेवरून गेलं की वेळ धरतात. आपण तिघीच. म्हणजे कुणी सुटायचं नाही. अनू, ऐकलंस? तू सुटलीस तर संपलं."

"सुटणार न्हाई," अनू म्हणाली.

"मागं पडायचं नाही."

"मागं कुठं पडतीया मी? माझ्या जागेवरच असती."

जरीनानं माझ्याकडं पाहिलं. मी स्टँडकडं पाहिलं.

स्टँडमध्ये पद्मजाची रेसिंग सायकल तशीच उभी होती, निळी, दांड्यावर तिनं चिकटवलेला तांबडा ठिपका. त्या सायकलीचं एक नवल होतं. रेसिंगच्या ट्यूबमधली हवा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, पण हिची चाकं नेहमी टणक. मी सकाळी आले की पंप घेऊन थोडी हवा मारायचे, कुणी नसताना. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यामुळंच ती टणक आहेत, आणि मग मनात यायचं, एवढी कशी? एका दुपारी ऊन चांगलं तापलं होतं, आम्ही शेडमध्ये बसलो होतो, आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. जरीनाच्या हातातला पाना पडला. शिपाई धावत आला. पद्मजाची मागची ट्यूब फुटली होती.

"एवढी हवा कुणी मारली हिच्यात?" शिपाई म्हणाला.

जरीनानं पाना उचलला आणि तो पुसत बसली. अनूचं तोंड उतरलं. मी म्हणाले, "ऊन फार आहे." सगळ्यांनी मान हलवली. हो, ऊन फार आहे. जानेवारीत.

दुसऱ्या दिवशी त्या चाकात नवी ट्यूब होती. ती कुणी घातली ते मला आजतागायत माहीत नाही.

मगदूम काकू, म्हणजे पद्मजाची आई, पूर्वीसारखाच डबा पाठवायच्या. त्यांच्या गावचा दूधवाला सकाळी तो कॉलेजच्या गेटवर ठेवून जायचा. शेंगदाण्याचे लाडू, चार. आम्ही तीन खायचो. चौथा डब्यात परत पाठवणं शक्य नव्हतं, आईनं डबा उघडावा आणि तो तिथं असावा, हे कसं चालेल? म्हणून मी तो शेडमागं भिंतीवर कुस्करून ठेवायचे. कावळे लगेच यायचे. आमच्यात कावळा पटकन आला की माणसं समाधानानं सुस्कारा सोडतात. मी सुस्कारा अर्ध्यावर धरून ठेवायचे, आणि डबा विसळून परत द्यायचे, रिकामा. काकूंना काय वाटत असेल? की चौथा लाडू कुणीतरी खातंय?

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात अनू पडली.

खड्डा आला की पुढची हात पाठीमागं नेऊन बोट दाखवते, आणि मागची ते ओरडून आणखी मागं पोचवते. आमच्यात ओरडण्याचं खातं पद्मजाचं. "खड्डाऽऽ" असं ती इतकं लांबवायची की शेतातली माणसं उभी राहून स्वतःच्या पायाखाली बघायची. त्या दिवशी मी हात मागं नेला, बोट दाखवलं. म्हणजे मोकळ्या जागेला दाखवलं. मोकळ्या जागेनं ते मागं पोचवलं नाही. मागून धातू घासल्याचा आवाज आला.

अनू रस्त्याच्या कडेच्या मुरमात बसली होती. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त. जरीनानं बाटलीतलं पाणी ओतलं.

"मी हात केला होता गं. दिसला नाही तुला?" मी म्हणाले.

"न्हाई दिसला. तुम्ही लई पुढं हुता."

"मग जवळ यायचं ना."

अनूनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते कोपराचं असेल. "कुठं?"

बाटलीतलं पाणी संपलं तरी जरीना ती उपडी धरून उभी होती.

तेवढ्यात सर लुनावरून आले. बघितलं, जखम दाबून बघितली, म्हणाले, "हाड ठीक आहे. उद्यापासून अंतर कमी करा."

"कुठलं अंतर, सर?" जरीनानं विचारलं. तिनं मुद्दाम विचारलं, हे मला कळलं. कुणीतरी म्हणावं, मी नको, असं तिला झालं होतं. मलाही.

"ते आपलं... अंतर," सर म्हणाले. आणि लुना चालू करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अनू अर्ध्या चाकानं पुढं आली. मला पाठीमागं तिचा श्वास ऐकू आला आणि माझ्या मानेवर काटा आला. तो श्वास चुकीचा होता. लहान, पटपट. माझे खांदे आखडले असणार, कारण तिनं ते बघितलं. हळूहळू ती परत मागं गेली. तिथून तिला पुढं आणायची हिंमत आमच्यात कुणाला झाली नाही.

स्पर्धा जतकडच्या माळावर होती. झाड नाही, आडोसा नाही, एक सरळ रस्ता, फाट्यापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. सकाळी उन्हं वर आली तेव्हा आम्ही जीपमधून सायकली उतरवत होतो. प्रत्येक संघामागून एक गाडी येऊ द्यायचे. आमची जीप सरांच्या मेव्हण्याची, हूड काढलेली. चालवायला तानाजी, मेव्हण्याकडचाच.

आणि सायकली उतरवून झाल्यावर बघतो तर पुढच्या सीटवर मगदूम काकू. मांडीवर डबा. कधी आल्या, कशा आल्या, कुणास ठाऊक. पांढऱ्यावर बारीक जांभळ्या फुलांचं नऊवारी, डोक्यावर पदर घट्ट.

"काकू, तुम्ही कशाला..." सर म्हणाले, "उन्हातान्हात."

"पद्मीची शर्यत मी कधी चुकवलीया, सर?"

सरांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही तिघींनी आपापल्या चेनकडं पाहिलं. चेनींना काही झालं नव्हतं.

काकू खाली उतरल्या. डबा उघडला. चार लाडू. "घ्या गं." जरीनानं घेतला, मी घेतला, अनूनं घेतला. एक राहिला. काकूंनी त्याच्याकडं बघितलं, झाकण लावलं. मग वाकून आमच्या सायकलींच्या टायरांवर अंगठा दाबून बघायला लागल्या, एकेका चाकावर, आंबा पिकलाय का बघावं तसा. "हवा बरी हाय," म्हणाल्या.

त्या अंगठ्याकडं बघता बघता मला त्या फुटलेल्या ट्यूबचा उलगडा झाला. काकू गुरुवारी आमच्या गावच्या बाजाराला यायच्या. कॉलेज बाजाराच्या वाटेवरच होतं.

आमच्याआधी दोन संघ सुटले होते. पंचांनी शिट्टी फुंकली.

जाताना वारा पाठीवर होता. असा वारा माणसाला खोटं सांगतो. आम्हाला वाटलं, आपण किती छान पळतोय. खांब भराभर मागं जात होते, जरीना बाजूला होताना हसलीसुद्धा. फाट्याच्या ड्रमाला वळसा घातला, तेव्हा तिथल्या पंचानं ओरडून सांगितलं, "दोन नंबरला आहात, पोरींनो! दाबा!"

वळलो, आणि वारा तोंडावर आला.

ज्यांनी तो माळ बघितला नाही त्यांना काय सांगू. भिंत म्हणावी तर भिंतीला टेकता तरी येतं. जरीनानं दहा खांब ओढले, बाजूला झाली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पुढं झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांत नुसता घोंगावणारा वारा, आणि त्या घोंगावण्यातून, अगदी कानाशी:

"जरा रुंद हो की गं."

मी कोपरं बाहेर काढली. खरंच सांगते. खांदे पसरले, पाठ वर उचलली, स्वतःचा वेग कमी करून मी तिच्यासाठी रुंद झाले. आता पन्नाशीत माझ्या आडोशाला अख्खा संघ मावेल, तेव्हा एवढी हाडं घेऊन जेवढं जमेल तेवढं. आणि माझ्या त्या आडोशात कुणीही नव्हतं. त्याच्या एक सायकल मागं अनू उघड्यावर वारा खात होती, मी बाजूला झाले की पद्मजाचा नंबर ओढत होती, मग स्वतःचा.

तिसऱ्यांदा ती पुढून शेपटाला आली तेव्हा तिचा श्वास मला ऐकू आला, कण्हल्यासारखा. मग तो बारीक झाला. मग ऐकू येईना. मी पहिल्यांदाच मान वळवून बघितलं. जागा आता एका सायकलीची राहिली नव्हती. दोन, तीन सायकलींची झाली होती.

"जरीना! अनू सुटतीये!"

जरीनानं वेग तोडला. "अनू, ये! ये गं! अंतर!"

मागून जीपमधून सरांचा आवाज, "खोत! अंतर! अंतर कमी करा!"

अनू उभी राहून पॅडल मारत होती, तोंड उघडं, कोपराच्या जुन्या जखमेतून परत रक्त आलेलं. ती आली. जीव तोडून आली, आणि माझ्यामागं एक सायकल सोडून, बरोबर तेवढीच सोडून, थांबली. तिथंच, जिथं सगळ्यात जास्त वारा लागतो. आणि परत सुटायला लागली.

जीपमध्ये काय झालं ते मला नंतर तानाजीनं सांगितलं. काकू आमच्या ओळीकडं एकटक बघत होत्या. त्यांनी आजवर आमचा सराव कधी बघितला नव्हता, शर्यतीला यायच्या त्या रेषेपाशी उभ्या राहायच्या, लेक येताना दिसली की तोंडाला पदर लावायच्या. मागून ओळ कशी दिसते हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"सर, अंतर अंतर काय लावलंय? ती पोरगी येती जवळ, आन् मग थांबती का?"

सरांनी चष्मा सारखा केला.

"दमली म्हणून न्हाई थांबत ती. मी बघतीया की. मधी काय हाय तिथं?"

"काकू..."

"बोला की."

"ती पद्मजाची जागा आहे, काकू. त्यांनी सोडून ठेवलीये."

तानाजी म्हणाला, काकूंनी मांडीवरचा डबा खाली पायाशी ठेवला. आणि चालत्या जीपमध्ये समोरचा दांडा धरून उभ्या राहिल्या. सर "बसा, बसा" म्हणेपर्यंत डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला होता. त्यांनी तो सावरला नाही.

मला ऐकू आला तो त्यांचा आवाज. मी वारा समजले आधी.

"ए अनू! पुढं सरक! कुंदीला चिकटून जा!"

अनूनं मान हलवली. नाही.

"सरक म्हणतीया न्हवं!"

"काकू, ती पद्माताईंची जागा हाय!" अनू रडत होती, श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द वेगळा पडत होता. त्या महिन्या-दीड महिन्यात पद्मजाचं नाव आमच्यापैकी कुणीतरी मोठ्यानं घेतलं ते त्या माळावर पहिल्यांदाच. जरीनाचे पाय क्षणभर थांबले. माझेही. नुसती चाकं फिरल्याचा टकटक आवाज, आणि मागं जीपचं इंजिन.

"पद्माताई मेली तुझी!" काकू ओरडल्या. आवाज फाटला, त्यांनी तो तसाच फाटका पुढं रेटला. "मेली गं माझी पद्मी. ह्या हातांनी शेवटची न्हाऊ घातलीया मी तिला. तिथं कुणी न्हाई, बाई. भर ती जागा."

माझ्या पाठीशी तो लहान, पटपट श्वास येऊन टेकला, आणि या वेळी मी खांदे आखडले नाहीत.